निर्दोष सुटका झाली, आता भरपाई कशी मागायची? पहिल्या वर्षातली कामं

आपल्या माणसाला न्यायला तुरुंगाच्या दाराशी आलेल्या घरच्यांच्या हातात बहुतेक वेळा एक प्लास्टिकची पिशवी असते. जामीन अर्जांच्या झेरॉक्स, वकिलांच्या फीच्या पावत्या, मुलाखतीच्या चिठ्ठ्या, एसटीची चुरगळलेली तिकिटं, कुणीतरी घडी घालून ठेवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण. सुटकेच्या आनंदात ती पिशवी माळ्यावर जाते. दीड-दोन वर्षांनी 'काही भरपाई मिळते का हो?' असं विचारत तीच मंडळी विधी सेवा केंद्रात येतात, तेव्हा निम्मे कागद उंदरांनी खाल्लेले असतात आणि दाव्याची मुदत संपलेली असते. अशा टेबलावर बसून मी कागद बघत आलो आहे. माणूस खरा, त्याच्यावरचा अन्यायही खरा, पण वर्ष निघून गेलं, हे समोरच्याला सांगणं फार जड जातं.

म्हणून हा लेख सुटकेनंतरच्या पहिल्या वर्षासाठी आहे. नुकतेच सुटलेले लोक, त्यांचे आईवडील, बायको-मुलं आणि त्यांना मदत करणारे कार्यकर्ते यांनी तो वाचावा. वकील लागणारच आहे, पण वकिलाकडे जाताना काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं हे आधी माहीत असेल तर पुष्कळ महिने वाचतात.

आधी कायदा काय देतो ते

भारतात निर्दोष सुटलेल्या माणसाला आपोआप भरपाई देणारा कायदा नाही. अमुक वर्षं आत काढली म्हणून अमुक रक्कम, असा तक्ता कुठल्याही सरकारी कार्यालयात नाही. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा विषय विधी आयोगाकडे पाठवला. आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपला २७७ वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष न्यायालयं असावीत, अंतरिम रक्कम मिळावी, पैशांसोबत समुपदेशन आणि रोजगारासाठी मदत मिळावी, असं त्यात सुचवलेलं आहे. २०२४ मध्ये सगळी फौजदारी संहिता बदलली, पण त्या नव्या संहितेतही ही शिफारस आली नाही. तामिळनाडूतल्या एका फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पुन्हा याच उणिवेवर बोट ठेवलं आणि संसदेने विचार करावा असं म्हटलं.

मग लोकांना भरपाई मिळाली ती कशी? राज्यघटनेच्या २१ व्या कलमातून, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातून. या वाटेची सुरुवात बिहारच्या मुझफ्फरपूर तुरुंगातल्या रुदुल साह यांच्यापासून होते. ३ जून १९६८ ला ते निर्दोष ठरले आणि १६ ऑक्टोबर १९८२ ला बाहेर आले. मधली चौदा वर्षं त्यांना आत ठेवण्याचं कुठलंही कायदेशीर कारण सरकारला सांगता आलं नाही. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी १९८३ मध्ये त्यांना ३०,००० रुपये द्यायला लावले, शिवाय दिवाणी दाव्याचा हक्क मोकळा ठेवला. रक्कम आज वाचताना तुटपुंजी वाटते. पण मूलभूत हक्क मोडल्याबद्दल सरकारने थेट पैसे मोजावेत, हे तिथून पक्कं होत गेलं. पुढे १९९३ मध्ये ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईने कोठडीत मेलेल्या मुलासाठी पाठवलेलं पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून घेतलं. तिला दीड लाख रुपये देताना न्यायालयाने सांगितलं की, अशा प्रकरणात 'हे सरकारचं सार्वभौम काम होतं, त्याबद्दल आम्हाला जबाबदार धरता येत नाही' हा बचाव चालणार नाही.

पायरी १ : निकालपत्राची नक्कल काढा आणि पेन्सिल घेऊन वाचा

सुटकेच्या आठवड्यातच सर्टिफाइड नक्कलेचा अर्ज करा. ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून निकाल वाचायला मिळतो, पण दाव्यात आणि याचिकेत शिक्क्याची नक्कलच लागते. दोन-तीन प्रती मागा. खालच्या कोर्टात शिक्षा आणि वरच्या कोर्टात सुटका असेल तर दोन्ही निकाल हवेत.

आता वाचायचं कसं? शेवटच्या पानावर सगळीकडे एकच वाक्य असतं, 'आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे.' भरपाईचं भवितव्य त्याच्या आधीच्या पानांत असतं. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिलं : 'साक्षीदार फितूर झाल्याने सरकार पक्षाला गुन्हा संशयातीतपणे सिद्ध करता आला नाही.' दुसरं : 'जप्तीचा पंचनामा घटनास्थळी न होता पोलीस ठाण्यात बसून लिहिला गेल्याचं दिसतं, आणि मूळ साक्षीदाराने ओळखलेल्या इसमांचा तपासच करण्यात आलेला नाही.' दोन्ही निकालांत माणूस सुटतो. पहिल्यात न्यायालय एवढंच म्हणतं की पुरावा कमी पडला. दुसऱ्यात न्यायालय चूक कोणाची हे सांगतं. तुमची सगळी मागणी या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांवर उभी राहणार आहे. अशी प्रत्येक ओळ पेन्सिलीने अधोरेखित करा आणि परिच्छेद क्रमांक एका वेगळ्या कागदावर उतरवून काढा. वकिलाला आधी तो कागद द्या.

'सन्मानाने मुक्तता' हा शब्द निकालात नाही म्हणून खचून जाऊ नका. फौजदारी संहितेत तो शब्दच नाही. आरोप पूर्ण तपासून खोटा ठरवलाय की फक्त संशयाचा फायदा दिलाय, हे निकालाच्या एकूण विवेचनावरून ठरतं.

पायरी २ : आपलं प्रकरण कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

सगळ्यात भक्कम प्रकरण असतं ते सुटकेचा आदेश असूनही आत ठेवल्याचं. इथे गुन्हा केला की नाही हा वादच उरत नाही, फक्त तारखा मोजायच्या. गुजरातमध्ये एका बंद्याला २०२० मध्ये जामीन मिळाला. न्यायालयाने आदेश तुरुंगाला ईमेलने पाठवला. तुरुंगात ती ईमेलला जोडलेली फाइल उघडता आली नाही आणि माणूस जवळजवळ तीन वर्षं आत राहिला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला एक लाख रुपये द्यायला सांगितले. छत्तीसगडमध्ये सात वर्षांची शिक्षा झालेला माणूस दहा वर्षांहून जास्त आत होता, त्याला २०२२ मध्ये साडेसात लाख मिळाले. उत्तर प्रदेशात जामिनाच्या आदेशात एक पोटकलम लिहायचं राहिलं म्हणून गाझियाबादच्या तुरुंगाने एकाला २८ दिवस सोडलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये पाच लाखांची अंतरिम भरपाई दिली. तुमच्याही प्रकरणात आदेशाची तारीख आणि प्रत्यक्ष सुटकेची तारीख यांत अंतर असेल तर तो मुद्दा वेगळा मांडा. पुष्कळदा घरच्यांना ते अंतर नेहमीचंच वाटतं आणि ते सांगतही नाहीत.

दुसरी जात म्हणजे रचलेला खटला किंवा आधार नसताना केलेली अटक, आणि हे न्यायालयाने किंवा दुसऱ्या तपास यंत्रणेने मान्य केलेलं. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांचं प्रकरण असं. १९९४ मध्ये त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, १९९६ मध्ये सीबीआयनेच आरोपांत तथ्य नसल्याचा अहवाल दिला, आणि १४ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळ सरकारला ५० लाख रुपये द्यायला लावले. त्याआधी मानवी हक्क आयोगाने १० लाख ठरवले होते, आणि दिवाणी दाव्यात राज्य सरकारने नंतर १ कोटी ३० लाखांवर तडजोड केली. एकच माणूस, तीन दरवाजे. एका ठिकाणी गेलं की बाकीचे बंद होतात हा समज त्यामुळे सोडून द्या.

तिसरी जात हलगर्जी तपासाची. नाशिकजवळच्या २००३ मधल्या दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना फाशी झाली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली होती. त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकून ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं, महाराष्ट्र सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचाही आदेश दिला. यातला एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. इथे शिकण्याजोगी गोष्ट अशी की, भरपाईसाठी त्यांना सुटल्यावर नवी याचिका करावी लागली नाही, मूळ अपिलाच्या निकालातच ती आली. तुमच्या माणसाचं अपील अजून चालू असेल तर वकिलांना आत्ताच सांगा : शेवटच्या युक्तिवादात भरपाईची मागणी लेखी द्या.

चौथी जात, फितूर साक्षीदार आणि संशयाचा फायदा. इथे खोटी आशा लावणं मला बरोबर वाटत नाही. सरकारकडून पैसे मिळण्याची शक्यता इथे फार कमी असते. आणि प्रकरण भक्कम दिसत असतानाही नकार येऊ शकतो. गुजरातमधल्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तपासावर कडक ताशेरे ओढून सगळ्या आरोपींना सोडलं, पण त्यातल्या काहींनी भरपाई मागितली तेव्हा २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने ती ऐकून घ्यायला नकार दिला. अशी भरपाई देणं हा घातक पायंडा होईल, असं खंडपीठाचं म्हणणं होतं.

रकमांना सूत्र नाही हेही यातून दिसतं. अठ्ठावीस दिवसांना पाच लाख आणि सोळा वर्षांनाही पाच लाख. मला हे पटलेलं नाही. कायदा व्हावा असं वाटतं ते याच कारणासाठी.

पायरी ३ : मुदतींचा कागद भिंतीला लावा

या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हा भाग राहू द्या.

वाईट हेतूने भरलेल्या खटल्याबद्दल, म्हणजे वकिलांच्या भाषेत मॅलिशियस प्रॉसिक्यूशनबद्दल दिवाणी दावा करायला एक वर्ष मिळतं, निर्दोष मुक्ततेच्या तारखेपासून. मुदत अधिनियम, १९६३ चा अनुच्छेद ७४. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दलच्या दाव्यालाही एकच वर्ष, तुरुंगवास संपल्याच्या दिवसापासून, अनुच्छेद ७३. सरकारविरुद्ध दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ते दोन महिने मुदतीत धरले जात नाहीत, पण त्या भरवशावर राहू नका. पोलिसांविरुद्धच्या कारवाईला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ ची आणखी कडक मुदत आडवी येऊ शकते. वकिलाला भेटल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा : 'कलम १६१ आपल्याला लागतं का?'

मानवी हक्क आयोगाची मुदतही एक वर्ष आहे, पण ती घटनेपासून मोजतात. यात भलेभले फसतात. अटक आठ वर्षांपूर्वीची आणि सुटका काल झालेली असेल, तर आयोग जुन्या घटनेची तक्रार घेत नाही. कोठडीतली मारहाण किंवा बेकायदा अटक असेल तर माणूस आत असतानाच, वर्षाच्या आत, घरच्यांनी आयोगाकडे अर्ज टाकायला हवा.

उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेला, म्हणजे हक्क मोडल्याबद्दल थेट तिथे करायच्या अर्जाला, ठरावीक मुदत नाही, तरी उशीर का झाला हे न्यायालय विचारतंच.

आणि सरकारने सुटकेविरुद्ध अपील केलं तर? ते होऊ शकतं. मुंबईच्या २००६ च्या लोकलगाड्यांतल्या बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने, सुटलेल्यांना परत आत न पाठवता, तो निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. अपील प्रलंबित असेल तेव्हा भरपाईचा निर्णय थांबू शकतो. तुम्ही मात्र थांबू नका. मुदत पहिल्या मुक्ततेच्या तारखेपासूनच मोजा, नोटीस द्या, दावा दाखल करून ठेवा. पुढे काय करायचं ते न्यायालय ठरवेल.

पायरी ४ : दोन तक्ते तयार करा

पहिला तक्ता दिवसांचा. अटक, पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी, जामीन, शिक्षा, एका कारागृहातून दुसऱ्यात बदली, पॅरोल आणि फर्लोचे दिवस, सुटका. प्रत्येक ओळीसमोर पुरावा कोणता ते लिहा. किती काळ कोठडीत होता याचा दाखला कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्ज करून मागा. नाही दिला तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. जेल रुग्णालयाचे केस पेपर त्याच अर्जात मागून घ्या, नंतर ते सापडत नाहीत.

दुसरा तक्ता नुकसानीचा, आणि तो घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून करायचा. एकदा एक मावशी माझ्यासमोर म्हणाल्या, 'आमचं काय नुकसान, आम्ही गरीबच होतो.' मग हळूहळू निघत गेलं. सव्वा एकर जमीन वकिलाच्या फीसाठी विकली होती. गळ्यातलं मंगळसूत्र सराफाकडे गहाण होतं, ते सुटलंच नाही. मोठ्या मुलीची शाळा आठवीत थांबली. मुलाखतीसाठी महिन्यातून एकदा एसटीने जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडायची. यातल्या प्रत्येक गोष्टीचा कागद निघतो : सातबारा आणि फेरफार, गहाणाची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, मुलाखतीच्या चिठ्ठ्या. मजुरीची पगारपत्रकं नसतात, तेव्हा त्या-त्या वर्षाची किमान वेतनाची सरकारी अधिसूचना जोडा आणि सोबत मुकादमाचं किंवा शेतमालकाचं प्रतिज्ञापत्र.

झोप न लागणं, दार बंद झालं की घाबरणं, माणसांत न मिसळणं, हेही नुकसानच. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवून केस पेपर करून घ्या. उपचारासाठी तर जायला हवंच, कागद त्यासोबत होतो.

पायरी ५ : वकील आणि मोफत मदत

जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. टोल फ्री क्रमांक १५१००. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची अट असते. कोठडीत असल्याचा आधार सुटल्यावर जातो, हे ध्यानात घेऊन शक्य असेल तर अर्ज तुरुंगातल्या विधी सहाय्य कक्षातूनच करा.

दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी बसते. ती भरण्याची ऐपत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३३ खाली निर्धन म्हणून दावा करता येतो.

भरपाई मिळाली की इतके टक्के माझे, असा करार कुणी वकील पुढे करत असेल तर सही करू नका. बार कौन्सिलच्या नियमांत तशी फी ठरवायला मनाई आहे.

पायरी ६ : दरवाजा निवडा

रिट याचिका. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली, उच्च न्यायालयात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, यांपैकी तुमचा जिल्हा जिथे येतो तिथे. प्रतिवादी म्हणून गृह विभागामार्फत राज्य शासन, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, आणि जादा काळ आत ठेवलं असेल तर कारागृह अधीक्षक. अधिकाऱ्याचं व्यक्तिशः नाव घालायचं असेल तर त्याच्या वाईट हेतूचा नेमका तपशील हवा. उच्च न्यायालय साक्षीदार बोलावून उलटतपासणी घेत बसत नाही. तथ्यांवर वाद दिसला की 'दिवाणी कोर्टात जा' म्हणतं. म्हणून याचिकेत तुमची कहाणी कमी आणि निकालपत्रातली वाक्यं, रिमांडच्या तारखा, तुरुंगाचा दाखला जास्त असायला हवा. पायरी १ मधला पेन्सिलीचा कागद इथे कामाला येतो.

मागणीत रकमेखेरीज आणखी काय लिहायचं? तातडीची अंतरिम रक्कम, व्याज, दोषी अधिकाऱ्यांची चौकशी आणि त्यांच्याकडून वसुली, पोलीस नोंदीत मुक्ततेची नोंद. ही शेवटची गोष्ट मला पैशांइतकीच महत्त्वाची वाटते. चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा क्रमांक पुन्हा पुन्हा वर येतो आणि नोकरी हातची जाते.

दिवाणी दावा. यात सगळं सिद्ध करावं लागतं : खटला प्रतिवादीने भरला किंवा भरायला लावला, तो तुमच्या बाजूने संपला, त्याला वाजवी कारण नव्हतं, हेतू वाईट होता, आणि तुमचं नुकसान झालं. वेळ लागतो. पण खासगी फिर्यादीने, म्हणजे भाऊबंदाने, शेजाऱ्याने, मालकाने खोटी केस केली असेल तर खरी वाट हीच, कारण रिट मुख्यतः सरकारविरुद्ध असते. सरकारलाही प्रतिवादी करायचं असेल तर कलम ८० ची नोटीस शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना आणि संबंधित अधिकाऱ्याला. नाव, पत्ता, काय घडलं, काय हवं, एवढं त्यात असलंच पाहिजे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत स्वतः द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. पोस्टाने पाठवलीत तर पोचपावती जपा.

मानवी हक्क आयोग. फी नाही, वकील लागत नाही, साध्या मराठीत अर्ज चालतो. आयोग सरकारला भरपाईची शिफारस करतो. एकाच वेळी राज्य आणि राष्ट्रीय, दोन्ही आयोगांकडे अर्ज टाकू नका, राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोग हाती घेत नाही.

फौजदारी संहितेतल्या छोट्या तरतुदी. कारण नसताना अटक करायला लावणाऱ्याकडून दंडाधिकारी भरपाई देववू शकतात, पण कमाल मर्यादा १,००० रुपये. जुन्या संहितेचं कलम ३५८, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३९९, आकडा तोच. दंडाधिकाऱ्यांपुढे चाललेल्या खटल्यात आरोप विनाकारण केल्याचं दिसलं तर नव्या संहितेच्या कलम २७३ खाली फिर्यादीला तिथेच नोटीस निघू शकते, पण हे निकालाच्या वेळीच मागायचं असतं.

खोटं करणाऱ्यांवर फौजदारी कारवाईही होऊ शकते. न्यायालयात खोटा पुरावा दिला गेला असेल तर त्याच न्यायालयात नव्या संहितेच्या कलम ३७९ चा अर्ज, जुन्या संहितेचं ३४०. जाणूनबुजून बेकायदा डांबून ठेवणाऱ्या अधिकाऱ्यावर दंड संहितेचं जुनं कलम २२०, १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं २५८. सरकारी नोकरावर खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, तीवर आता १२० दिवसांत निर्णय नाही झाला तर मंजुरी दिल्याचं धरलं जातं. यातून पैसे मिळत नाहीत. भरपाईच्या याचिकेसोबतच हेही सुरू करायचं का, हा निर्णय घरात नीट बोलून घ्या. त्याच गावात, त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहायचं आहे, ही गोष्ट वकिलाच्या ध्यानात येत नाही, तुमच्या येते.

सरकारी नोकरीत असाल तर निलंबनकाळाचा पगार आणि सेवेत परत घेणं हा वेगळा विषय आहे. त्यासाठी आधी खात्याकडे अर्ज आणि मग प्रशासकीय न्यायाधिकरण.

आदेश झाल्यावर

आदेशात पैसे कधी द्यायचे ते लिहिलेलं असतं. नाशिकच्या प्रकरणात चार आठवडे होते. आदेशाची प्रत सरकारी वकिलांच्या कार्यालयात, गृह विभागात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतः पोचवा, सोबत बँकेचा तपशील. मुदत उलटली तर आधी लेखी स्मरणपत्र, मग अवमान याचिका. तिलाही एका वर्षाची मर्यादा आहे. दिवाणी हुकूमनामा असेल तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज.

बँकेचं काम मात्र आदेशाची वाट न बघता सुटल्याच्या महिन्यातच उरका. वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं बंद पडलेलं असतं, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेलेला असतो, आधारवरचा फोटो ओळखू येत नाही. आधार केंद्रात जाऊन ठसे आणि क्रमांक नवा करून घ्या, केवायसी भरा, खात्यात शंभर रुपये टाकून ते चालतं का बघा, आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढून त्या पिशवीत ठेवा.